पुण्यात फिरण्यासाठी परवडणारी झूम लेन्स

फिरतीची झूम लेन्स म्हणजे सकाळी कॅमेऱ्यावर बसवली की घरी परत येईपर्यंत उतरवावी लागू नये अशी लेन्स. कसब्याच्या बोळातला वाड्याचा दिंडीदरवाजा, मंडईतल्या गाळ्यावर बसलेल्या आजींचा चेहरा आणि तुळशीबागेतल्या राममंदिराचे शिखर, हे सगळे तिने एकाच फेरीत काढून द्यायला हवे. यातले एकही काम ती सर्वांत उत्तम करत नाही. त्यासाठी वेगळ्या आणि महाग लेन्स असतात. सगळी कामे पुरेशी नीट करणे हेच तिचे मोल. दुकानात बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो "किती लांबचे दिसते?" हा. पुण्याच्या पेठांतून कॅमेरा घेऊन फिरण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांच्या हिशेबात हा प्रश्न बराच नंतर येतो. आधी जवळच्या टोकाला किती रुंद दिसते ते पाहायचे, मग उजेड उतरल्यावर लेन्स किती साथ देते ते.

लांबचे जवळ आणणे म्हणजे झूम, ही समजूत जुनी आहे आणि तिला कारणही आहे. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोक्टलेंडर झूमर, १९५९ मध्ये आली. तिचा पल्ला ३६ ते ८२ मिमी होता. निकॉनची ४३-८६ मिमी ही हौशी लोकांना परवडणारी झूम १९६३ मध्ये आली. दोन्हींची सुरुवातच अशा जागी होते की अरुंद गल्लीत उभे राहून इमारत घेता येत नाही. डिजिटल काळात स्वस्त झूमची सुरुवात १८ मिमीपासून होऊ लागली. कॅननच्या ३००डी सोबत २००३ मध्ये १८-५५ मिमीची किट लेन्स मिळू लागली, निकॉनने २००४ मध्ये डी७० सोबत १८-७० दिली. आज स्वस्त झूमच्या नावात १८ हा आकडा इतक्यांदा दिसतो तो तेव्हापासून.

हा १८ कोणत्या कॅमेऱ्यावर, हे मात्र पाहावे लागते. परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. निकॉन, सोनी, फुजी यांच्याकडे फोकल लेन्थला दीडने गुणायचे, कॅननकडे १.६ ने. म्हणजे १८ मिमीची दृष्टी फुल फ्रेमच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात २७ ते २९ मिमीइतकी होते. फुल फ्रेमसाठी बनलेली २४-१०५ किंवा फिल्मच्या काळातली २८-८० क्रॉप बॉडीवर लावली, तर रुंद टोक अनुक्रमे ३६ आणि ४२ मिमीच्या पुढे जाते. अशा जुन्या लेन्स फार स्वस्तात मिळतात आणि काचही अनेकदा चांगली असते, पण पेठांत फिरण्यासाठी त्या घेऊ नयेत.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेन्थ, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी. सेन्सर २३.५ मिमी रुंद, अंतर १० मीटर आणि लेन्स १८ मिमीवर असेल, तर सुमारे १३ मीटर मावते. २४ मिमीवर तेच १० मीटरच्याही आत येते. १६ मिमीपासून सुरू होणारी लेन्स असेल तर साडेचौदा मीटरच्या वर. कागदावर दोन मिलीमीटर क्षुल्लक वाटतात, पण बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून १८०७ मध्ये पूर्ण झालेल्या विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू घेताना तेच दोन मिलीमीटर टोकाचे खांब आत आणतात किंवा बाहेर ठेवतात. मागे सरकायला जागा नसते. मागे दुकान असते आणि पुढे वाहनांची रांग. पेठांमधली बहुतेक जुनी बांधकामे अशीच आहेत. ती मोकळ्या मैदानात नाहीत, समोरच्या इमारतीला जवळजवळ टेकून उभी आहेत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पटांगण आहे म्हणून तिथे कोणतीही लेन्स चालते. त्या एका अनुभवावरून लेन्स ठरवली की पुढच्याच गल्लीत ती अपुरी पडते.

रुंद टोकाला दुसरी एक अडचण येते. इमारत उंच आणि गल्ली अरुंद, म्हणून कॅमेरा वर उचलावा लागतो, आणि वर उचलला की उभ्या रेषा आत झुकतात. मंडईचा अष्टकोनी मनोरा जवळून घेतला की हे लगेच दिसते. हा लेन्सचा दोष नव्हे, कोणत्याही लेन्सवर असेच होईल. त्यावर उपाय म्हणजे चौकट थोडी सैल ठेवायची आणि नंतर संगणकावर रेषा उभ्या करायच्या. तसे करताना कडा कापल्या जातात, म्हणजे पुन्हा रुंदीच हवी. सरळ रेषा पिंपासारख्या फुगण्याचा दोष स्वस्त झूममध्ये १८ मिमीवर असतोच. तो मात्र सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये काढते. त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

लांबचे टोक कुठे लागते, तेही पुण्यातच नीट कळते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. तिथल्या गर्दीत ५५ मिमीच्या पुढे जायची वेळ क्वचितच येते, कारण माणूस हाताच्या अंतरावर असतो आणि मधे दुसरा माणूस शिरायला वेळ लागत नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघून दिवे घाटाला लागली की चित्र पालटते. वळणावळणांवर एकावर एक रचल्यासारखे दिसणारे दिंड्यांचे थर घ्यायला १०० ते १३५ मिमी लागते, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात दीडशे ते दोनशे. घाटात पाऊस, चिखल आणि मागून येणारा लोंढा असताना लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर पाणी घेणे. फिरतीच्या झूमची खरी गरज असते ती अशा दिवशी.

बहुतेकांना १३५ किंवा १४० मिमी पुरते. १८ ते ३०० किंवा ४०० मिमी अशा प्रचंड पल्ल्याच्या झूम मिळतात. टॅमरॉनची १८-४०० मिमी २०१७ मध्ये आली. ज्यांना प्रवासात एकच वस्तू न्यायची आहे त्यांना ती उपयोगाची आहे. पण ती ७०० ग्रॅमच्या घरात जाते, लांबच्या टोकाला एफ/६.३ होते आणि शेवटच्या शंभर-दोनशे मिलीमीटरवर तपशील मऊ पडतो. कवडीच्या पाणपक्ष्यांसाठी किंवा भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी ती घेतली जाते, आणि पक्षी तरीही चौकटीत लहानच राहतो. पक्ष्यांची आवड असेल तर ५५-२५० किंवा ७०-३०० ही वेगळी लेन्स घ्यावी आणि ती पक्षी पाहायच्या दिवशीच न्यावी.

यापुढचा भाग उजेडाचा, आणि पुण्यात काम करणाऱ्याला सर्वांत जास्त शिकवणारा हाच. स्वस्त झूमचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र, बदलते असते: एफ/३.५-५.६ याचा अर्थ रुंद टोकाला ३.५ आणि झूम करत गेल्यावर ५.६. महाग झूममध्ये ते सर्वत्र २.८ राहते. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ ला चौपट उजेड आत येतो. पण रुंद टोकाला फरक तेवढा नाही; ३.५ आणि २.८ यांच्यात उजेडाचे प्रमाण साधारण दीडपट आहे. म्हणजे संध्याकाळी स्वस्त झूम घेऊन फिरणाऱ्याने झूम करण्याचा मोह टाळून १८ ते २४ मिमीच्या आसपास राहावे आणि दोन पावले पुढे जावे. एवढ्या एका सवयीने साध्या किट लेन्सवर रात्रीचा लक्ष्मी रस्ता घेता येतो.

गणेशोत्सवात या सवयीचीही परीक्षा होते. मानाच्या पाच गणपतींनी सुरू होणारी विसर्जन मिरवणूक अलीकडच्या वर्षांत २४ तासांहून अधिक चालते, त्यामुळे दुपारचे कडक ऊन, संध्याकाळ आणि रात्रीची विजेची रोषणाई या तिन्हींत एकाच लेन्सने काम करावे लागते. दुपारी कोणतीही लेन्स चालते. ढोलाच्या टिपरूची हालचाल गोठवायला १/५०० सेकंदाच्या आसपास शटर लागतो, उन्हात तो सहज मिळतो. रात्री जिथे एफ/५.६ ला १/१५ सेकंद मिळतो, तिथे एफ/२.८ ला १/६० मिळेल आणि एफ/१.८ ला जवळजवळ १/१५०. पहिल्यात ढोलवादक पुसट होतो, दुसऱ्यात चेहरा टिकतो आणि हात पुसट होतात, तिसऱ्यात बऱ्यापैकी सगळे टिकते. आयएसओ वाढवून एक-दोन पायऱ्या भरून काढता येतात आणि आजच्या सॉफ्टवेअरने दाणेदारपणाही बराच कमी होतो, पण त्याला मर्यादा आहे.

इथे स्थिरीकरणाविषयी एक गैरसमज फार नुकसान करतो. कॅननचे आयएस, निकॉनचे व्हीआर, सोनीचे ओएसएस हे सगळे छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषतात. पाताळेश्वराच्या लेण्यात खांब, भिंती, अंधार आणि स्थिर मूर्ती आहेत; तिथे स्थिरीकरणामुळे १/८ सेकंदालाही हातात धरून स्वच्छ चित्र येते. नाचणारा माणूस स्थिरीकरणाने थांबत नाही. देवळे, वाडे, लेणी यांचे काम करणाऱ्याने एफ/५.६ ची पण स्थिरीकरण असलेली लेन्स घ्यावी. माणसांचे काम करणाऱ्याला एफ/२.८ जास्त उपयोगी. जुनी टॅमरॉन १७-५० एफ/२.८ दोन प्रकारांत निघाली, २००६ ची स्थिरीकरण नसलेली आणि २००९ ची असलेली. सेकंडहँड बाजारात पहिली स्वस्त मिळते, आणि मिरवणुकीचे काम करणाऱ्याला तीच पुरते.

आता प्रत्यक्ष पर्याय. डीएसएलआर वापरणाऱ्यासाठी सर्वांत समतोल गट १८-१३५ चा आहे. कॅननची १८-१३५ आयएस एसटीएम २०१२ मध्ये आली, वजन ४८० ग्रॅम. तिची मोटर शांत असल्याने व्हिडिओलाही चालते. २०१६ ची यूएसएम आवृत्ती फोकसला आणखी वेगवान आहे. निकॉनकडे २००८ ची १८-१०५ आणि २०१३ ची १८-१४० याच कामाच्या. ज्यांना वाड्यांचीच ओढ आहे त्यांनी कॅननची १५-८५ किंवा निकॉनची १६-८५ सेकंडहँड शोधावी; लांबचे टोक कमी मिळते, पण अरुंद बोळात त्या वेगळ्याच ठरतात. मिररलेसमध्ये सोनीची १८-१३५ फक्त ३२५ ग्रॅमची आहे. सिग्माची १८-५० एफ/२.८ ही २०२१ ची लेन्स तर ३०० ग्रॅमच्याही आत बसते. तिच्यात स्थिरीकरण नाही, तरी उजेड, आकार आणि किंमत यांचा असा मेळ दुसरीकडे क्वचित आढळतो. नवी घेण्याची ऐपत असलेल्या मिररलेसवाल्याने आधी तीच हातात घेऊन पाहावी.

वजनाचा विचार दुकानात होत नाही, सिंहगडाच्या पायवाटेवर होतो. २०० ग्रॅमची किट लेन्स आणि पाऊण किलोपर्यंतची मोठी झूम यांतला फरक पहिल्या तासात जाणवत नाही. चौथ्या तासात जड कॅमेरा पिशवीत जातो आणि मग बाहेर येत नाही. गळ्यातच राहणारी साधी लेन्स त्या दिवशी जास्त चित्रे देते.

माऊंटच्या बाबतीत स्वस्ताईचे काही सापळे आहेत. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते; त्यांवर जुन्या एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. उलट २०१६ पासून आलेल्या एएफ-पी लेन्स जुन्या बऱ्याच बॉडींवर फोकसच करत नाहीत. कॅननच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत, पण अडॅप्टर लावून आर१० किंवा आर५० सारख्या मिररलेसवर पूर्ण काम देतात. पुढे मिररलेसकडे जायचे असेल तर ही सोय मोलाची आहे.

नवी लेन्स घेण्याआधी एक काम घरबसल्या होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येक डिजिटल चित्रात ते कोणत्या फोकल लेन्थवर काढले याची नोंद असते. वर्षभरातली स्वतःला आवडलेली चित्रे निवडून त्यांच्या नोंदी पाहाव्यात. चित्रे ५५ वर साचलेली असतील तर लांबचे टोक अपुरे पडते आहे. १८ वर साचलेली असतील तर रुंदी अपुरी असेल. पण कॅमेरा पिशवीतून बाहेर निघतो तेव्हा लेन्स सहसा १८ वरच असते आणि पुष्कळ जण ती फिरवतच नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून आवडलेलीच चित्रे मोजायची, सगळी नाहीत. या मोजणीतून अनेकांना कळते की हातातली किट लेन्स बदलण्याची गरजच नाही, आणि त्या पैशांत निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ किंवा कॅननची ५० मिमी एफ/१.८ घेणे शहाणपणाचे आहे. क्रॉप बॉडीवर ५० मिमी गल्लीत फार जवळची होते. पेठांसाठी ३५ जास्त कामाची.

सेकंडहँड घेताना घाई करू नये. मोबाइलचा दिवा लेन्सच्या एका टोकातून टाकून दुसऱ्या टोकातून तिरके पाहावे. आत जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. धुळीचे चार-दोन कण चित्रात दिसत नाहीत, त्यांवरून भाव पाडता येतो एवढेच. झूम पूर्ण आत घेऊन लेन्सचे तोंड खाली धरावे; आपोआप बाहेर घसरत असेल तर आतले भाग झिजलेले असू शकतात. काही जुन्या झूममध्ये अ‍ॅपर्चरची आतली केबल तुटलेली असते आणि हा दोष पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर लपतो, म्हणून एफ/८ वरही दोन-तीन चित्रे काढावीत, तीही वेगवेगळ्या फोकल लेन्थवर. शेवटची कसोटी भिंतीची. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीटकाम आहे. त्या विटांसमोर कॅमेरा अगदी समांतर धरून १८ मिमीवर चित्र काढावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील तर चालते. एक कोपरा धूसर आणि समोरचा लखलखीत असेल, तर आतली काच सरकलेली आहे आणि लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. मूळ बिल आणि भारतातली वॉरंटी मागावी. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजावे.

लेन्स घेतल्यावर ती टिकवणे हा खर्चाचाच भाग आहे, कारण परवडणाऱ्या झूमला धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारे रबरी सील सहसा नसतात. झूम बाहेर-आत होताना हवा ओढते आणि हवेबरोबर भुकटीही. सोमवती अमावास्येला जेजुरीत भंडारा उधळला जातो तेव्हा, किंवा मिरवणुकीत गुलाल उडतो तेव्हा, लेन्सभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळून टेप लावावी, पुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवावा आणि शक्यतो झूम एकाच जागी ठेवून काम करावे. घरी आल्यावर आधी ब्लोअरने भुकटी उडवावी. कोरड्या फडक्याने पुसली तर ओरखडे पडतात. पालखीच्या दिवसांत लेन्सवरचे पाणी टिपून ती उघड्यावर वाळवावी, लगेच पिशवीत कोंबू नये.

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणून बुरशी ही मुंबईची अडचण मानली जाते. पण जुलै ते सप्टेंबर पुण्याच्या हवेतही बुरशीला हवी तेवढी ओल असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. लेन्स चामडी पिशवीत ठेवू नये.

पुण्यात एक लेन्स घेऊन फिरायचे असेल आणि पैसे मोजके असतील, तर निकाल असा: डीएसएलआर असल्यास स्थिरीकरण असलेली १८-१३५ च्या गटातली सेकंडहँड झूम, मिररलेस असल्यास १८-५० एफ/२.८, आणि उरलेल्या पैशांत एक उजळ ३५ मिमी. मोबाइल आल्यापासून पुष्कळ घरांत अशा लेन्स कपाटात पडून आहेत. त्या पुढच्या पावसाळ्याआधी बाहेर काढून दिव्यासमोर धरून पाहाव्यात, आणि वापरायच्या नसतील तर छायाचित्रण शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्याव्यात.